डाव्या हाताचा रंधा

आठवडी बाजारात जुन्या हत्यारांची पथारी दिसली की पुंजाजी मिस्त्री तिच्यासमोर उकिडवे बसतात, एक रंधा उचलतात, डाव्या हातात धरतात, डोळे मिटतात आणि दुसऱ्याच क्षणी तो पोत्यावर आपटून म्हणतात, "उजव्याचा." मग पुढचा. "हाबी उजव्याचाच. अक्कल भंगारात टाकली का बे?" पाचव्या रंध्यापर्यंत शेजारचा कांदेवालाही तराजू खाली ठेवून ऐकत असतो आणि पथारीवाला, ज्याचा काही गुन्हा नाही, मान खाली घालून बसलेला असतो.

खुद्द मिस्त्री उजव्या हाताचे आहेत.

लाकडी रंधा वीस-पंचवीस वर्षे एकाच माणसाच्या हातात राहिला की अंगठा टेकतो तिथे खळगा पडतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा खळगा डाव्या बाजूला, डावखुऱ्याचा उजव्या बाजूला. मिस्त्रींना डावखुरा रंधा हवा आहे, आणि तोही एकच. त्यांच्या बायकोचा, गोकर्णामावशींचा. मोजणं, कापणं, जोडणं मिस्त्रींचं. रंधा मारणं मावशींचं. गिऱ्हाईक आलं की मावशी आत जायच्या आणि फळ्या किती गुळगुळीत झाल्यात याचं कौतुक मिस्त्री एकटे ऐकून घ्यायचे.

मावशी गेल्याला तीन वर्षे झाली. तेरवी उरकली त्याच आठवड्यात मिस्त्रींनी तो रंधा भंगारवाल्याच्या गाडीत फेकला. कोणी सांगितलं नव्हतं. "हातात बसेना," एवढंच गल्लीला कळवलं. आठ दिवसांनी तोच रंधा शोधायला निघाले, आणि तेव्हापासून साऱ्या जगावर चिडलेले आहेत. मी त्यांची शेजारीण. मला या माणसाचा राग येतो तो इथे. टाकायचा आपण आणि ओरडायचं लोकांवर.

मी कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. आमच्याकडे हरवलेलं सामान सापडतं, कारण त्याचं वर्णन लिहिलेलं असतं. मिस्त्रींचं हे नुसतं फिरणं मला बघवेना. एका रविवारी वही घेऊन मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले.

"लांबी?"

"हातभर."

"कोणाच्या हाताने?"

"ताई, तुमी रंधा शोधून राह्यल्या का मले कोर्टात उभं करून राह्यल्या?"

"लाकूड?"

"बाभूळ. नाई, शिसव."

"नक्की काय?"

"मले माहीत असतं तं तुमाले कायले बसवलं असतं इथं?"

दीड तासात सहा मुद्दे निघाले. लांबी, लाकूड, पात्याची रुंदी, पाचरीचा आकार, पुढच्या कडेची चीर, उजवीकडचा खळगा. त्याच्या प्रती काढून मी खामगावातल्या आणि आसपासच्या भंगारवाल्यांना वाटल्या. खाली माझा फोन नंबर टाकला. मिस्त्रींचा टाकला असता तर फोन करणाऱ्याने पुन्हा फोन केला नसता.

मग माझे रविवार गेले. वरवट बकालला एका म्हाताऱ्याने घरातले चार रंधे धुऊनपुसून, तेल लावून ठेवले होते. मिस्त्रींनी चारही आपटले. "तेल काऊन लावलं बे? अक्कल भंगारात टाकली का?"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "अक्कल आहे घरात. रंधा तुमी टाकला म्हन्ते भंगारात."

परतीच्या वाटेवर मिस्त्री माझ्याशी बोलले नाहीत. जणू म्हाताऱ्याला मीच पढवलं होतं.

हायवेवरच्या एका नव्या ढाब्याने गावरान वाटावं म्हणून भिंतीवर जुनी अवजारं ठोकली आहेत. विळे, पाभर, पाच रंधे. मिस्त्री भरल्या ताटावरून उठून खुर्चीवर चढले. मॅनेजर धावत आला. "काका, ते डेकोरेशन आहे."

"तुह्या बापाले टांग डेकोरेशनले. रंध्यात खिळा ठोकते काय बे?"

पाचही उजव्याचे निघाले. आम्ही अर्धपोटी बाहेर पडलो. माझ्या त्या दिवसाच्या यादीतली दळण, गॅस आणि टेलर ही तीन कामं तशीच राहिली.

आणि मागच्या महिन्यात वडनेर भोलजीहून एका भंगारवाल्याचा फोन आला. "बाई, सहाच्या सहा जुळून राह्यले."

मी स्कूटी काढली. मिस्त्री वाटभर मागे बसून रस्त्याला, नगरपालिकेला आणि माझ्या ब्रेकला नावं ठेवत होते. दुकानात मी टेप लावली, एकेक मुद्दा तपासला, सहा खुणा केल्या. खळगा उजवीकडे होता. माझाही अंगठा तिथे ठेवून पाहिला. मिस्त्रींनी एक फळी मागितली, पाचर ठोकून पातं बसवलं आणि रंधा ओढला. कांद्याच्या पापुद्र्यासारखी अखंड साल निघाली. त्यांनी फळीवरून बोट फिरवलं.

"हा नाई."

मी वही मिटली. "मिस्त्री, सहाच्या सहा जुळतात. तुम्हाला तो सापडायलाच नको आहे. तुम्हाला फक्त ओरडायला माणसं हवीत. आजपासून मी येणार नाही."

मला वाटलं, आता भंगारवाल्यासकट दुकान दणाणणार. पण ते खाली बसले.

"गोकर्णाचा इतका साफ नव्हता चालत, ताई. फळीवर एक रेघ उठे. केसाएवढी. पात्याची धार एका जाग्यावर तुटे."

"मग पातं घासायचं."

"मीबी हेच म्हनो. तीस वर्सं म्हनलो. तुले धार लावता येत नाई, तू आळशी आहे. चार लोकांदेखत म्हनलो. ती पुन्हा घासे. मंग गिऱ्हाइकाले रेघ दिसू नये म्हनून मी वरून पॉलिश पेपर मारो." रंध्यातलं पातं त्यांनी काढून हातात घेतलं. "तेरवी झाल्यावर म्या पह्यल्यांदा तिचं पातं घासाले घेतलं. उन्हात धरलं तं आरपार भेग. घडतानाचीच. कितीबी घासा, तिथंच तुटनार. ट्रकच्या कमानपाट्याचं सस्तं पातं. मीच आनलं होतं."

 मी कामाचं विचारलं. "सापडल्यावर काय करणार होतात?"

"नवं पातं घेऊन ठेवलं आहे. बदलून देनार होतो."

भंगारवाल्याने हळूच विचारलं, "मंग, घेता का हा?"

"उजव्या मान्साले डाव्याचा रंधा कायले इकतं बे?" मिस्त्री म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

माझ्या स्वयंपाकघरातलं कपाट या दोघांनीच बनवलेलं आहे. घरी आल्यावर मी मधल्या फळीवरचे डबे उतरवले. तूरडाळ, हरभराडाळ, शेंगदाणे, साखर. फळीवरून हात फिरवला, काही लागलं नाही. मग खालून हात घातला. पॉलिश पेपर न मारलेल्या लाकडावर एक बारीक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

मिस्त्रींना हाक मारली. "ताई, हा काय पसारा करून ठेवला," असं करवादतच ते आले. मी त्यांचा हात धरून फळीखाली नेला.

त्यांची बोटं रेघेवरून सरकू लागली.

"इथे पेपर मारायचा राहिला वाटतं," मी म्हणाले.

"खालून कोन पाह्यते," ते म्हणाले, आणि हात तसाच पुढे-मागे फिरत राहिला.

मी डबे दुसऱ्या फळीवर लावायला घेतले.