ओताकरांचा डोंगर आणि परवडणारी प्रणाली

महाग वस्तू घ्यायला माणसाला फक्त पैसे लागतात. परवडणारी वस्तू घ्यायला आयुष्य लागतं. स्तारा लीपा या चेक गावातल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या हौशी मंडळाने हे सत्य सप्रयोग सिद्ध केलं आहे. त्याबद्दल मंडळाला अजून कोणी पदक दिलेलं नाही, देणारे बहुधा स्वस्त पदक शोधत असतील.

आमचं मंडळ सांस्कृतिक भवनाच्या तळघरात दर मंगळवारी भरतं. सभासदांचं सरासरी वय चौऱ्याहत्तर (कुबात साठीचा असल्यामुळे त्याला 'युवा विभाग' म्हणतात). मी वारसाहक्काने सभासद झाले. माझे यजमान ओताकर गेले तेव्हा त्यांची खुर्ची, त्यांचा काळा ट्रान्सफॉर्मर आणि त्यांचा डोंगर माझ्याकडे आला.

डोंगराबद्दल थोडं सांगायला हवं. लाकडी सांगाडा, तारेची जाळी, खळीत भिजवलेली वर्तमानपत्रं, वरून प्लास्टर, आणि मधून दोन बोगदे. दोन हिवाळे ओताकर घरी फक्त जेवायला यायचे, आणि केसांत प्लास्टर घेऊन यायचे. डोंगर त्यांनी तळघरातच उभा केला. नंतर भवनाला आगीपासून संरक्षण म्हणून नवा लोखंडी दरवाजा बसला, तो जुन्यापेक्षा अरुंद निघाला. तेव्हापासून डोंगर करवत लावल्याशिवाय बाहेर निघू शकत नाही. माणसं मात्र आगीतून सुखरूप निघतील. एकेक करून, पोट आत ओढून.

आमच्या गाड्या साध्या विजेवर चालत. ट्रान्सफॉर्मरची मूठ फिरवली की त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदम निघत आणि एकदम थांबत. कोणाला कुठे जायचंय हे कोणी विचारत नसे. आमच्या पिढीला यात काही वावगं वाटलं नाही. डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाच्या पोटात चिप बसवतात, त्याला नंबर देतात, आणि ज्याला हुकूम द्यावा तेवढंच इंजिन हलतं. म्हणजे इंजिनाला स्वातंत्र्य मिळतं. नंबर तेवढा लावून घ्यावा लागतो.

प्रगती टाळू नये, पण तिला दारात थोडं थांबवायला हरकत नाही, या विचाराने मंडळाने 'परवडणारी डिजिटल प्रणाली निवड समिती' नेमली. समितीसमोर तीन प्रस्ताव आले.

पहिली प्रणाली जर्मन. उत्तम, टिकाऊ, आणि किंमत ऐकून खजिनदार पाझ्देरा यांना खाली बसावं लागलं (ते बसलेलेच होते, आणखी खाली). दुसरी चिनी. तिच्यावर कंपनीचं नाव नव्हतं. माहितीपत्रकात 'आनंदाने रुळास बोट न लावणे' अशी एक सूचना होती, तिचा अर्थ लावण्यात एक अख्खा वसंत ऋतू गेला. तिसरी फुकट. ती इंटरनेटवरून उतरवून घ्यायची आणि स्वतः जोडायची. हे काम कुबातने घेतलं. आमच्याकडे प्रत्येक पुरुषाचे हात सोन्याचे असतात, असं प्रत्येक पुरुषाचं मत असतं. फुकट प्रणालीसाठी कुबातला नवा संगणक, नवं सोल्डरिंग यंत्र आणि शेवटी खिडकीचा नवा पडदा घ्यावा लागला, जुना जळला.

मग पाझ्देरांनी मंडळाच्या इतिहासातलं सर्वात मोठं भाषण केलं.

"मित्रहो, जर्मन प्रणाली गेल्या वर्षी चौदा हजार कोरुना होती. यंदा बारा हजार. म्हणजे आपण काहीही न करता दोन हजार कमावले. या वयात बसल्या जागी कोण कमावतं, सांगा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढची सगळी वर्षं मंडळाने नेटाने खरेदी केली नाही. किंमत घसरत गेली, आमची कमाई वाढत गेली. अशी कमाई साजरी न करणं म्हणजे करंटेपणा, म्हणून दरवर्षी नाताळाआधी बिअर आणि खिमा भरलेली सॉसेजं येत. एका नाताळाला प्रणाली खरोखरच परवडेल इतकी उतरली, तेव्हा पेटीत पाहिलं तर सॉसेजांचं बिल सापडलं.

इतक्यात नगरपालिका जागी झाली. गावाने डिजिटल व्हायचा ठराव केला होता, आणि भवनातल्या खोल्या यापुढे डिजिटल संस्थांनाच मिळणार होत्या. हे सांगायला संस्कृती विभागाच्या शिमूनकोव्हा मॅडम स्वतः तळघरात उतरल्या. मुलगी गोड होती. तिच्या आजीला मी स्टेशनच्या खिडकीतून तिकिटं विकलेली आहेत.

"नाताळाच्या प्रदर्शनाला मी येईन," ती म्हणाली. "तुमची डिजिटल गाडी फिरली, तर तळघर दहा वर्षं तुमचं. नाहीतर योगवर्गाची मागणी आलीय."

"आणि हा डोंगर?" मी विचारलं.

तिने डोंगराकडे पाहिलं, मग दरवाजाकडे पाहिलं. "आजी, नगरपालिकेकडे करवतवाले आहेत. फुकट येतात."

ती जिना चढून गेली.

"मी फुकटवालीचं उरलेलं जोडतो," कुबात म्हणाला.

"तू बस," अध्यक्ष व्होर्लिचेक म्हणाले. "अजून पडदे जाळायचेत का? ब्लाझेनाबाई, मंत्रालयाची पाहणी यायची तेव्हा तुमच्या स्टेशनात काय करायचे?"

मी सांगितलं. फक्त रुळाकडच्या खिडक्यांना पडदे लागत. शेजारच्या स्टेशनातल्या जिरेनियमच्या कुंड्या आदल्या गाडीने आमच्याकडे येत. साहेब जेवायला बसले की त्याच कुंड्या पुढच्या स्टेशनाकडे रवाना होत. त्या कुंड्यांनी माझ्यापेक्षा जास्त प्रवास केलाय. साहेब दरवेळी लिहून जात: फुलझाडांची निगा सर्वत्र एकसारखी.

"मग झालं तर," व्होर्लिचेक म्हणाले. "टेबलाखाली जागा आहे, आणि तुम्ही बुटक्या आहात."

"माझ्या गुडघ्यांना विचारलंत का?"

"उशी मंजूर," पाझ्देरा म्हणाले. (समितीने मंजूर केलेली ही पहिली खरेदी. उशी मी घरूनच आणली.)

प्रदर्शनाच्या दिवशी टेबलाभोवती जमिनीपर्यंत हिरवं कापड सोडलं. वर कुबातच्या हातात चकचकीत टॅबलेट, त्यावर इंजिनांची चित्रं आणि बटणं. ती कशालाही जोडलेली नव्हती. खाली मी. उजव्या हाताला ओताकरांचा ट्रान्सफॉर्मर, तो बाहेरच्या रुळाचा. डाव्या हाताला अध्यक्षांचा, तो आतल्या रुळाचा. दोन गुडघ्यांमध्ये बिअरची रिकामी बाटली, तिचं काम पुढे येईलच. ठरलं असं की व्होर्लिचेक काठी आपटतील: एकदा म्हणजे बाहेरचं इंजिन, दोनदा म्हणजे आतलं.

डोक्यावर ओताकरांच्या डोंगराचा पोकळ पोटभाग होता. आतून वर्तमानपत्रं अजून वाचता येत होती. 'बटाट्याचं पीक उद्दिष्टाच्या एकशे चार टक्के.' त्या वर्षी बाजारात बटाटा दिसला नव्हता. डोंगर मात्र त्यावर भक्कम उभा आहे.

"सात नंबर, निघा!" कुबात नाटकी आवाजात म्हणाला. काठी आपटली, मी मूठ फिरवली. वर लोक 'वा' म्हणाले.

"मला देता?" शिमूनकोव्हा मॅडमचा आवाज. "आणि तुम्ही मध्ये बोलू नका हं, मी करते."

कुबात गप्प झाला. काठी मात्र आपटत राहिली.

"अहो, आजोबांना कोणीतरी खुर्ची द्या! किती वेळ उभे आहेत!"

खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि कोणा कनवाळू माणसाने आजोबांची काठी घेऊन कोपऱ्यात ठेवली.

आता मला वरचं काही कळेना. कापडाखालून दिसत होते फक्त जोडे. मॅडमचे नवे, लाल. आणि माझ्या लक्षात आलं की बटण दाबताना ती चवड्यांवर उभी राहते. टाच उचलली की तळव्यावरचं किमतीचं लेबल दिसायचं. निम्म्या किमतीत घेतलेले होते. मग मी तेच धरलं. लेबल दिसलं की चालणारं इंजिन थांबवायचं आणि थांबलेलं सोडायचं. ओताकर म्हणायचे, गाडी चालवायला डोळे लागत नाहीत, भीती लागते. भीती भरपूर होती.

"अय्या, शिट्टीचं बटण पण आहे!"

लेबल दिसलं. मी दोन बोटं तोंडात घातली आणि वाफेच्या इंजिनाची शिट्टी दिली, थेट लहानपणीच्या मालगाडीची.

"किती खरा आवाज!" मॅडम म्हणाल्या. "आता डिझेलचा."

मी वाकून बाटलीत फुंकलं.

"याला थोडा बिअरचा वास येतो का?" कोणीतरी विचारलं.

"गरम झालेल्या चिपचा वास आहे तो," कुबात म्हणाला. सोन्याचे हात नसले तरी जीभ आहे.

शेवटी दोन्ही गाड्या दोन्ही बोगद्यांतून बाहेर आल्या आणि स्टेशनात उभ्या राहिल्या. माझी उजवी मांडी तोवर बधिर झाली होती.

मॅडमचा अहवाल आठवड्यात आला. 'प्रणाली अत्यंत प्रतिसादशील. वापरणाऱ्याचं मन ओळखते. आवाजाचा दर्जा नैसर्गिक. वीजखर्च नगण्य.' तळघर दहा वर्षांसाठी मिळालं. डोंगर जागेवर आहे. योगवर्ग अग्निशमन केंद्रात भरतो.

त्यानंतर आसपासच्या गावांतली मंडळं चौकशीला येऊ लागली. पाझ्देरा त्यांना खर्च सांगतात: दर प्रदर्शनाला खसखशीच्या केकचा एक तुकडा. लोकांचा विश्वास बसत नाही. "इतकी स्वस्त? आणि बिघडली तर?"

"कुरकुरते," पाझ्देरा म्हणतात, "पण चालते."

पुढच्या नाताळाला सुधारित आवृत्ती येणार आहे. ती म्हणजे माझी शेजारीण क्व्हेता. तिचे गुडघे माझ्याहून चांगले आहेत आणि ती मालगाड्यांचे डबे जोडल्याचा आवाजही काढते. समितीने तिच्यासाठी केकचा वेगळा तुकडा नामंजूर केला. प्रणाली परवडणारी राहिली पाहिजे. आम्ही दोघी एकच वाटून खाणार आहोत.

तुम्हाला हे वाचून हसू आलं असेल. प्रदर्शनाला या. पण आजच सकाळी तुम्हीही काचेवर बोट टेकवून काहीतरी मागवलं असेल, आणि ते आलंही असेल. झटपट, स्वस्तात, विनातक्रार. कापड उचलून वाकून बघा असं मी म्हणणार नाही, तुमच्या कमरेला त्रास होईल. फक्त बटण दाबताना चवड्यांवर उभे राहू नका. खालून आम्हाला लेबल दिसतं.