बाबालालचाचांची खडखड

कोल्हापुरात हॉर्न न वाजवता गाडी चालवणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. बाबालालचाचांनी आपल्या पांढऱ्या गाडीच्या हॉर्नची वायर स्वतःच्या हातानं काढून टाकली होती. आरटीओत पासिंगच्या दिवशी तेवढी जोडायची आणि काम झालं की गेटातच पुन्हा काढायची. गल्लीत म्हैस आडवी आली तर चाचा काच खाली करून म्हणायचे, "सरका की बाईसाहेब." म्हैस सरकायची, कारण तिच्यामागं पाटलांचे आबा काठी घेऊन उभे असायचे.

"हॉर्न म्हंजे दुसऱ्याच्या कानात बोट घालनं," चाचांचं हे ठरलेलं वाक्य. "कान हाय त्यो, रस्ता न्हाय!"

उद्यमनगरात चाचांनी उभा जन्म इंजिनं उघडण्यात घालवला. पण उघडायच्या आधी ऐकायचं, हा त्यांचा नेम. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. मधे कोणी बोललं की डोळे न उघडताच म्हणायचे, "आधी ऐका की!" सिग्नलला थांबलेल्या परक्या माणसालासुद्धा त्यांनी गाडीतून उतरून गाठलंय. "पावणं, तुमच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग रडतंय. घरी जाऊ नका, गॅरेजला जावा." पावणं घाबरून तसेच गॅरेजला गेले, असं चाचा सांगतात. खरं-खोटं त्यांनाच माहीत.

माझा स्वतःचा अनुभव मात्र पक्का आहे. एकदा मी शेंगदाण्याची चटणी वाटत होते, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "बाई, मिक्सरचा बुश गेलाय. चटणी थांबवा!" मी प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. मला कोणी थांबवलेलं खपत नाही. मी मुद्दाम आणखी जोरात मिक्सर फिरवला, आणि तिसऱ्या मिनिटाला त्यातून धूर निघाला. चाचा पुढच्या दारात स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर! चटणी त्या दिवशी खलबत्त्यात कुटली. त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

असा हा माणूस, आणि स्वतःची गाडी मात्र खडखडत होती. साधीसुधी नाही, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तशी. इंजिनाच्या आत टायमिंग चेन म्हणून एक साखळी असते, तिच्या तालावर झडपा उघडतात आणि मिटतात. ती झिजून ढिली पडली की खडखडते. तशीच दामटली तर एखाद्या दिवशी तुटते, झडपा पिस्टनवर आपटतात आणि इंजिन भंगारात जातं. हे सगळं मला चाचांनीच शिकवलं होतं, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला नावं ठेवताना.

नवी चेन घरात येऊन पडली होती. दोन वर्षं ती कपाटात चाचीच्या बांगड्यांच्या डब्याशेजारी पडून होती. विचारलं की कारण तयार. आज जुम्मा हाय. आज हवा दमट हाय, सील बसायचं न्हाय. आज पाठीत भरलंय. गृहपाठ न करणाऱ्या पोरांची कारणं ऐकण्यात माझी नोकरी गेली, मला असली कारणं वासावरून कळतात. चाचांचे हात हल्ली थरथरतात हे मी पाहिलं होतं. त्यामुळं ते घाबरतात, असा निकाल मी देऊन टाकला आणि साऱ्या गल्लीला सांगितलाही.

हमीदाचाची, म्हणजे चाचांची बायको, यात पडायची नाही. साखरेनं तिची नजर नेली. आता तिला उजेड आणि सावली, एवढंच कळतं. मुलगी जयसिंगपूरला दिलेली, त्यामुळं घरात दोघंच. ती दोघं आपसात त्यांच्या हिंदीत बोलतात आणि आम्हा गल्लीवाल्यांशी कोल्हापुरीत. नजर गेल्यावर स्वयंपाक चाचांनी हातात घेतला, भांडी घेतली, कपडे घेतले. संध्याकाळचा चहा मात्र चाचीनं सोडला नाही. "इत्ता एक तो मेरे पास रहने दो," असं तिनं चाचांना बजावून ठेवलं होतं.

संध्याकाळी मी तिला पेपर वाचून दाखवायला जाते. साडेपाचला चाचा मित्राच्या गॅरेजवरून परत यायचे. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी गाडी वळली की खडखड सुरू. "आलं आमचं जातं," म्हणत चाची उठायची, भिंत चाचपत ओट्यापाशी जायची, लायटर टकटक करायची. चाचा गाडी लावून, हात धुऊन आत येईपर्यंत चहाला उकळी फुटलेली असायची. मग चाचीचं रोजचं वाक्य यायचं, "आए क्या? बैठो, चा रखी मैं." हे मी शेकडो वेळा पाहिलं आणि तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

मग आजऱ्याला चाचीच्या भाच्याचं लग्न निघालं. ती गाडीनंच जाणार म्हणून अडून बसली. एवढ्या लांब जुनी चेन टिकणार नाही हे चाचांना पक्कं ठाऊक होतं. लग्नाच्या आधीच्या रविवारी सकाळी त्यांनी दारात बोनेट उघडलं.

गल्ली गोळा झाली. दुपारपर्यंत पुली निघाली, पुढचं झाकण निघालं, आणि आतली जुनी चेन दिसली. बोटानं उचलली तर लोंबत होती. जुनी काढण्याआधी चक्रांच्या दातांवर खुणा करायच्या असतात. चाचा भिंतीपाशी येऊन म्हणाले, "बाई, तुमची ती नखाची पॉलिश द्या जरा."

निवृत्तीनंतर हौसेनं आणलेली ती गुलाबी बाटली मी कपाटात लपवून ठेवली होती. माझ्या सुनेलाही तिचा पत्ता नव्हता.

"तुम्हाला काय माहीत?"

"बाटली हलवताय तवा आत गोळी वाजती की."

गल्लीसमोर माझी शोभा झाली, पण खुणा मात्र झकास उमटल्या. जुनी चेन निघाली. चाचा हात पुसायला आत गेले तेवढ्यात आबांना मदतीची लहर आली. खालच्या नटावर पान्हा लटकत होता. "हे ढिलं ऱ्हायलंय," म्हणत त्यांनी तो फिरवला, खालचं चक्र हललं आणि गुलाबी खुणा एकमेकींना सोडून गेल्या. चाचा बाहेर आले, बघितलं. नवी चेन तेलातून काढून त्यांनी आबांच्या दोन्ही हातांवर ठेवली. "आबा, लई नाजूक असती. खाली ठेवू नका, हलू नका." तासभर आबा हार घालायला निघाल्यासारखे उभे होते आणि धोतरावर तेल ठिबकत होतं. तेवढ्या वेळात चाचांनी खुणा पुन्हा जुळवल्या. त्यांचे हात थरथरत होते, तरी एक दात चुकला नाही. माझा निकाल तिथंच खोटा पडला.

चेन चढली, झाकण बसलं, तेल भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरली.

"चालू झालीया व्हय?" आबांनी विचारलं, इतकी ती गप्प होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. चेहरा मात्र फुलला नाही.

"लईच गप झाली," ते म्हणाले.

"मग काय भांडायला पाहिजे होती?" मी म्हणाले. माझी जीभ ही अशी.

लग्नाच्या गडबडीत चाचा तो आठवडा गॅरेजला गेलेच नाहीत. आजऱ्याचं लग्न थाटात झालं, गाडी पाण्यासारखी गेली आणि आली. त्यानंतरच्या सोमवारी मी चाचीला पेपर वाचून दाखवत होते. दारात चप्पल वाजली. चाचीनं दचकून खुर्चीचा हात धरला आणि दाराकडं तोंड करून विचारलं, "कोन हाय? कोन पावणं?"

दारात चाचा होते. सगळा संसार ज्या बोलीत झाला ती सोडून चाचीनं त्यांना परक्यासारखं मराठीत विचारलं होतं. ते हातात चावी घेऊन उंबऱ्यातच थांबले.

"मैं हूँ," ते म्हणाले.

चाची गडबडीनं उठली, तिचा गुडघा टेबलावर आपटला. "मालूमच नै पड्या. चा नै रखी मैं..."

"रहने दो," म्हणत चाचा स्वतः ओट्याकडं गेले. चाची दोन्ही हात मांडीवर ठेवून परत बसली. पेपर माझ्या हातात तसाच राहिला. दोन वर्षांची सगळी कारणं, तो जुम्मा, ती दमट हवा, मला एकदम कळली. मला माझीच लाज वाटली.

रात्रभर मला काही सुचेना. सकाळी भिंतीपाशी चाचा दिसले तशी मी म्हणाले, "चाचा, मी काहीबाही बोलले."

"जुनी चेन टाकली न्हाय मी," ते भलतंच बोलले. "पर ती परत घालून हमीदाला घेऊन रस्त्यावर कसं जायचं? तिचं एकच काम हुतं बाई. मीच काढून घेतलं."



त्या संध्याकाळी साडेपाचला गिरणीपाशी हॉर्न वाजला. दोनदा, घसा बसलेल्या माणसानं हाक मारावी तसा. आबा गोठ्यातून बाहेर आले. चाचीनं मान वर करून कान दिला.

"कुणाची गाडी म्हणायची ही?" मी विचारलं.

"ह्यो हॉर्न कुनी कवा वाजवलेलाच न्हाय," चाची म्हणाली आणि हसायला लागली. "आमचंच हाय ते येडं." ती उठली, भिंत चाचपत ओट्यापाशी गेली. लायटर टकटकला.

चाचा हात धुऊन आत आले. मी म्हणाले, "काय चाचा, दुसऱ्याच्या कानात बोट?"

"वायर आपोआप लागली की," ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

ओट्यापासून आवाज आला, "आए क्या? बैठो, चा रखी मैं."

चाचा बसले.