वामनकाकाजींचं वाकडं मनगट

आमचे शेजारी वामनकाकाजी चहासुद्धा नेम धरून ओततात. किटली उचलली की मनगट मोडल्यासारखं खाली वाकवायचं, डावा डोळा मिटायचा, श्वास रोखायचा आणि मग धार सोडायची. थोडा चहा कपात जातो, बाकीचा माझ्या पायजम्यावर. मी बोंब मारली की शांतपणे म्हणतात, "किटली बरोबर हाय बापू. माहा हात चुकून राह्यला."

हे वाक्य मूळचं किटलीचं नाही, रिव्हॉल्वरचं आहे. हो, काकाजींकडे रिव्हॉल्वर आहे. मुंगी दिसली तर वाट बदलणाऱ्या माणसाला सरकारने परवाना दिला कसा, असं कोणालाही वाटेल. तो आधी त्यांच्या बायकोचा, गोदाकाकूंचा होता. शेत जंगलाला लागून. काकू फैर झाडून रानडुकरं पळवायच्या आणि काकाजी मचाणाखाली भाकरीचा डबा सांभाळायचे, असं गाव सांगतं. काकू वारल्या आणि रिव्हॉल्वर वारसाहक्काने डबेवाल्याकडे आली. मी या गावात बी-खताचं दुकान टाकलं ते त्यानंतर, त्यामुळे काकूंना मी पाहिलेलं नाही.

यवतमाळला दर हिवाळ्यात परवानेवाल्यांची नेमबाजी असते. काकाजी इस्त्रीचा सदरा घालून जातात आणि शेवटचे येऊन परततात. सगळी दुनिया मनगट ताठ ठेवते, हे मात्र किटलीवालं वाकडं मनगट करून उभे. गोळी कागदाच्या वरून मागच्या मातीच्या ढिगात. मागून कोणीतरी हमखास ओरडतं, "काकाजी, कावळा पडला का?" काकाजी नळीवर फुंकर मारतात आणि तेच वाक्य म्हणतात.

गेल्या वर्षी मात्र पंचांचा संयम सुटला. पुढच्या खेपेला एकही गोळी कागदाला लागली नाही तर नाव कायमचं कापणार, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. काकाजी महिनाभर जेवले नाहीत म्हणणं जास्त होईल, पण ठेच्याला नावं ठेवायला लागले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

म्हणून यंदा स्पर्धेआधी मीच त्यांना ओढत यवतमाळला हमीदभाईंकडे नेलं. हमीदभाई बंदुका दुरुस्त करतात. त्यांनी रिव्हॉल्वर रिकामी आहे ना ते पाहिलं, डोळ्याशी धरली आणि हसायलाच लागले.

"वामनभाऊ, ही माशी कोन्या न्हाव्यानं तासली?"

नळीच्या टोकाला नेम धरण्यासाठी जो छोटा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. या रिव्हॉल्वरची माशी नळीला कायमची जडलेली, पेच फिरवून खालीवर होणारी नव्हे. ती घासून बुटकी केली की गोळी वर जाते.

"कायले टेन्शन घेता?" हमीदभाई म्हणाले. "उंच माशी जडून देतो. सांजेले या अन् घेऊन जा."

मी खूश. इतकी वर्षं पायजमे फुकट गेले म्हणायचे! पण काकाजींनी झडप घालून रिव्हॉल्वर परत घेतली, पिशवीत कोंबली आणि चालू पडले. मी मागे धावलो.

"काकाजी, नाव कापतीन ना ते लोकं!"

"कापू दे."

बसस्टँडवर भज्यांची प्लेट समोर आल्यावर कुठे तोंड उघडलं. "बांधावरून पडली होती गोदा. मनगट मोडलं, अन् वाकडंच जुडलं. घोडा दाबला का हात खाली जाये, गोळी मातीत. मंग कानस घेऊन बसली आंगनात. एकदा घासे, एकदा मारे. समोर ठेवलेलं मडकं फुटलं तवाच उठली. मी म्हनलं, गोदे, बंदूक बिघडवली तू. तं म्हने, तुमच्यासाठी बिघडली, माह्यासाठी बरोबर झाली."

भजं त्यांच्या हातातच राहिलं.

"आता नवी माशी लावली तं माह्या हाताले बसन रे ते. पन मंग तिचा हात कुठी राहीन?"

मी वर्षानुवर्षं ज्याला खूळ समजत होतो, ते हे होतं. हा माणूस रिव्हॉल्वर दुरुस्त करत नव्हता, आपला हात बायकोच्या हातासारखा मोडायला शिकत होता. मी उरलेली भजी त्यांच्या पुढ्यात सरकवली.

स्पर्धेला आम्ही गेलोच. काकाजी मनगट वाकवून उभे राहिले. गोळ्या एकामागून एक ढिगात. कावळ्याची चौकशी झाली. पंचाने पेनचं टोपण काढलं. शेवटची गोळी सुटली आणि कागदाच्या मधोमध भोक पडलं.

लोकांनी आरडाओरड केली. मी नाचलो, कोणाच्या तरी पायावर पाय दिला. काकाजींनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. रिव्हॉल्वर खाली ठेवली आणि ते वाकडं उजवं मनगट डाव्या हाताने हळूच धरलं.

"काकाजी, लागली! मधात लागली!"

"हाव," ते म्हणाले. "असाच होता तिचा हात."

परतीच्या बसमध्ये तिकिटं मी काढली, पिशवी मी धरली. आमचा कळंबचा थांबा येईपर्यंत काकाजींनी ते मनगट सरळ केलं नाही.