बारा रकान्यांची माती

जमिनीवरच्या सुव्यवस्थेचा पाया जमिनीखालच्या शिस्तीत असतो. म्हणूनच आमच्या कार्यालयाने भातशेतांच्या मातीतल्या बुरशीची गणना हाती घेतली, ही अभिमानाची गोष्ट आहे. बुरशीच्या विविधतेचा दाखला असेल त्याच शेताला कालव्याचं पाणी. दाखल्याच्या अर्जात जातींसाठी बारा रकाने. (बाराच का, तर कागद तिथे संपतो.)

यंदा अठ्ठ्याण्णव टक्के शेतांत बरोबर बारा जाती आढळल्या. उरलेले दोन टक्के म्हणजे मावशीचं शेत.

मावशी ही आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईंची सख्खी मावशी. ताईंनी तिच्या शेतातली चिमूटभर माती काचेच्या बशीत ठेवली, तर एक्केचाळीस जाती उगवल्या. कुणी कापसाची, कुणी काजळाची, कुणी तान्ह्या बाळाच्या जावळाइतकी मऊ. नोकरीच्या अकरा वर्षांत ताई पहिल्यांदाच हसल्या. (गोपनीय अहवालात नोंद आहे.)

"एक्केचाळीस?" साहेब म्हणाले. "अहो, रकाने बारा आहेत. मातीला एवढं कळू नये?"

"पुरवणी जोडते, साहेब."

"पुरवणीचा नमुना अजून छापून यायचाय. शेत दुरुस्त करून घ्या."

दुरुस्ती म्हणजे बुरशीनाशकाच्या तीन फेऱ्या.

"अगं, ह्यांच्याच जिवावर रोप मूळ धरतं," मावशी म्हणाली. "माझ्या लेकी आहेत त्या."

"मावशी, पाणी हवंय ना?" ताई बशीकडे बघत म्हणाल्या.

मावशी गप्प बसली. (संमती समजण्यात आली.)

दुरुस्ती जरा जास्तच झाली, अकराच उरल्या. तेव्हा बारावी जात कार्यालयाच्या ओल्या कपाटातून शेताला दत्तक देण्यात आली. (कपाटात एकूण सतरा आहेत. कपाटाला दाखला लागत नाही.)

दाखला मिळाला. पाणी आलं. रोपं पिवळी पडून बसली ती बसलीच. मावशी दाखला घेऊन साहेबांपुढे उभी राहिली.

"पाणी आलं हो, साहेब. प्यायला कुणी उरलं नाही."

साहेबांनी लिहिलं: 'पाणी मिळाल्याचे अर्जदार समक्ष येऊन सांगून गेल्या.'

वाचकहो, साहेबांवर उगाच दातओठ खाऊ नका. दुकानात मूठभर तांदूळ तळहातावर पसरून, चार दाणे लालसर दिसले की "हा नको, एकसारखा दाखवा" म्हणणारे आमचे साहेब नव्हते. रकाने तिथेच आखले गेले. आम्ही फक्त ते जमिनीखाली नेले.