नाचणीच्या पेजेचा शास्त्रीय अभ्यास

एका जंगलात, मुलांनो, म्हातारे प्राणी वाळत चालले होते. हा प्रश्न जुनाच होता. पण सिंहमहाराजांच्या आयाळीत पांढरे केस दिसू लागले, तेव्हा तो राज्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. 'वृद्धांनी काय खावे?' याचे संशोधन करण्याची आज्ञा विद्वान करकोच्याला झाली.

करकोच्याने अभ्यासासाठी ठकू अस्वलीण निवडली. (काही पाठांत ती साळिंदरीण आहे, भूक मात्र सर्व पाठांत तीच.) तिची पिल्ले मोठी होऊन डोंगरापलीकडे गेली होती. गुहेत ती एकटी. बरगड्या दुरून मोजता येत.

"आजी, काल काय जेवलात?"

"आठवत नाही रे. जेवले असते तर आठवलं असतं."

करकोच्याने 'स्मृतिभ्रंश' अशी नोंद केली आणि नाचणीची पेज सुरू केली. रोज दुपारी तो तिच्यासमोर बसे आणि प्रत्येक घोट लिहून घेई.

"मेल्या, नुसता बघत काय बसतोस? घे घोटभर."

"संशोधकाने खायचे नसते, आजी."

"म्हणून तर पायांच्या अशा काड्या झाल्यात! बैस नीट. माझ्या थोरल्याची फजिती सांगते."

ती सांगत राही आणि खात राही. फजिती संपेपर्यंत द्रोण रिकामा होई. दोन महिन्यांत आजीच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या.

करकोच्याने अहवाल दिला : 'नाचणीची पेज वृद्धांना मानवते.' महाराज प्रसन्न झाले. संशोधन संपले. करकोचा आपल्या तळ्यावर गेला. राजाज्ञेने सशाने रोज गुहेच्या दाराशी पेज ठेवायची आणि लगेच पुढच्या गुहेकडे पळायचे, असे ठरले.

महिनाभरात आजीला उठवेना. द्रोणात मुंग्या पोहत होत्या.

दरबारात खल झाला.

"नाचणी भेसळीची असणार," कोल्हा म्हणाला.

"आजीचं वय झालंय, दुसरं काय!" माकड म्हणाले.

महाराजांना स्वतःचे वय आठवले. त्यांनी करकोच्याला तातडीने परत धाडले. तो समोर बसला. आजीने एक डोळा उघडला.

"आलास? धाकटीचं लग्न सांगायचं राहिलं होतं तुला."

पंधरा दिवसांत ती गुहेबाहेर येऊन पाठ खाजवू लागली. करकोच्याने पुरवणी अहवाल लिहिला : 'पेजेचा गुण दुसऱ्या खेपेस अधिक येतो.' मग लेखणी पुसत त्याने विचारले, "आजी, पेज मानवली असे लिहून अभ्यास संपवू ना?"

आजीने द्रोण चाटूनपुसून खाली ठेवला. बराच विचार केला.

"छे रे बाबा. असं घाईनं कसं सांगू? उद्या ये. अजून पाहू."

करकोच्याने 'पुढील अभ्यास आवश्यक' असे लिहिले. तो अभ्यास अद्याप चालू आहे, आणि आजीही.

तात्पर्य : उतारवयात नाचणी अत्यंत गुणकारी असते. मात्र तिचा गुण टिकवायचा असेल, तर तिच्यावरील संशोधन कधीही पूर्ण होऊ देऊ नये.