कृपया आपले माप लिहावे

वाचून शिकता येत नाही अशी एकही गोष्ट या जगात नाही, असं माझं ठाम मत होतं. पोहायलासुद्धा मी पुस्तकातूनच शिकले. पाण्यात उतरायचं तेवढं राहिलंय! त्यामुळे बारा पुरुषांसाठी जांघेचे गार्ड खरेदी करायची वेळ आली तेव्हा मी जराही डगमगले नाही. चष्मा पुसला आणि वाचायला बसले.

ही वेळ का आली, ते आधी सांगते. साडेतीन महिन्यांपूर्वी बाबा गेले. मागे आई, मी आणि त्यांचा किकबॉक्सिंगचा वर्ग. वर्गात मुलं नाहीत, चांगले बाप्ये आहेत. दिवसभर आपापली कामं करून संध्याकाळी साडेसहाला ते एकमेकांना लाथा घालायला जमतात आणि प्रसन्न चेहऱ्याने घरी जातात. बाबा गेल्यावरही ते येतच राहिले. मी हॉलचं कुलूप उघडायची आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून वाचत बसायची.

मग किकबॉक्सिंग महासंघाचं पत्र आलं. त्यात पहिल्याच ओळीत दोन चुका होत्या, पण आशय स्पष्ट होता. वर्गाची नोंदणी बाबांच्या नावावर होती. ती पुढे चालू ठेवायची तर रविवारी सकाळी दहाला तपासणी होईल. प्रत्येक शिकणाऱ्याकडे स्वतःचा, स्वतःच्या मापाचा गार्ड हवा. नसल्यास नोंदणी रद्द.

नोंदणी रद्द म्हणजे हॉल गेला. टेबल टेनिसवाले त्यावर टपलेलेच होते. बाबांना पोचवून आलो त्याच आठवड्यात त्यांच्यातला एक जण सांत्वनाला म्हणून आला आणि जाता जाता हॉलची लांबी पावलांनी मोजून गेला.

मला तो हॉल हवा होता. बारा माणसं तिथे एका सुरात "हात वर, हनुवटी खाली!" असं ओरडतात आणि ते अगदी माझ्या बाबांसारखं ओरडतात. कारण एवढंच.

बाबांच्या काळात गार्ड होते सात आणि ते राहायचे एका बादलीत. पहिल्या येणाऱ्याला धड मिळायचा, सातव्याला तडा गेलेला, पुढच्यांना नुसती बादली. त्यामुळे वर्गाला उशिरा यायची कोणाची हिंमत नव्हती! पण महासंघाला बादली मंजूर नव्हती.

तर मी तीन दिवस वाचलं. आतली कडक वाटी प्लॅस्टिकची घ्यावी की पोलादी? (पोलादी भक्कम, पण लाथ मारणाऱ्याचं बोट मोडतं.) कड मांडीत रुतू नये. उठाबशा काढल्या, गुडघा छातीपर्यंत नेला, तरी वाटी जागची हलता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माप घ्यायचं ते कंबरेचं. फक्त कंबरेचं! हे वाक्य वाचून मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

पण कंबर तरी विचारायची कशी? मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. आमच्या पुस्तकांत माणसाचं शरीर पोटापर्यंत व्यवस्थित येतं आणि तिथून एकदम गुडघ्यावर उडी मारतं. वीस वर्षं मी ती उडी तपासत आलेय. वर्गातल्या पोस्टमनला कंबर विचारली आणि त्याने "कशासाठी, ताई?" असं विचारलं, तर मी काय सांगू?

म्हणून मी नोटीस लावली. "वर्गातील सर्वांसाठी एक आवश्यक वस्तू मागवण्यात येत आहे. कृपया या कागदावर आपले माप लिहावे." चार वेळा वाचून पाहिली. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती!

दुसऱ्या दिवशी कागद भरला होता. पोस्टमन, बेचाळीस. बेकरीवाले काका, बावीस. दाताचे डॉक्टर, साडेसात.

मी चक्रावले. पोस्टमन म्हणजे सायकलीच्या नळीला शर्ट घातलेला माणूस; त्याची कंबर बेचाळीस? बेकरीवाले काका दारातून आत आले की हॉलमध्ये क्षणभर अंधार होतो, त्यांची बावीस? आणि साडेसात इंच कंबर तर डॉक्टरांच्या कवळ्यांनाही नसेल! पण आमच्या धंद्यात एक शिस्त असते. मूळ प्रतीत आहे ते आपल्या मनाने बदलायचं नाही. शंका आली तर लिहिणाऱ्याला विचारायचं. विचारणं शक्य नव्हतं. म्हणून बदललं नाही.

मी दुकानदाराला फोन लावला.

"साडेसात? ताई, इंच ना?"

"लिहिलंय तसं द्या."

"कंबर साडेसात इंच... ताई, कुत्र्यासाठी पाहिजे का?"

"दाताचे डॉक्टर आहेत."

पलीकडे खोकी सरकवल्याचा आवाज. मग अत्यंत सहानुभूतीने, "बरं. मुलांमधला सगळ्यात लहान टाकतो."

शनिवारी संध्याकाळी खोकं आलं. बाराही जण गोळा झाले. मी पुस्तकात डोकं खुपसलं.

"ताई, यात बूट कुठंयत?" पोस्टमनने विचारलं.

"कसले बूट?"

"बेचाळीस नंबरचे! तुम्ही माप मागितलंत. मी दिवसभर चालतो, मला दुसरं कुठलं माप ठाऊक असणार?"

"मला वाटलं हातमोजे येणार," डॉक्टर म्हणाले. "साडेसात. रोज तेच घालतो मी." आपल्या नावाचा चिमुकला गार्ड त्यांनी नुकत्याच काढलेल्या दातासारखा दोन बोटांत धरला होता. "हा... हा कोणाला यावा अशी आपली अपेक्षा आहे?"

"आणि मी टोपीचं माप दिलं ना, पोरी!" बेकरीवाले काका कळवळले. "सरांच्या आठवणीसाठी सगळ्यांना टोप्या शिवतेयस, असं मी घरी सांगून बसलो! बायको रडली ऐकून!" आणि खात्री करावी म्हणून त्यांनी तो गार्ड डोक्याला लावून पाहिला. वाटी बरोबर कपाळावर, पट्टा कानांमागून. सत्य सांगायलाच हवं. अगदी मापात बसला!

पोस्टमनचा मात्र कंबरेवर चढवताच घसरत घोट्यांपाशी गेला. बाकीचे नऊ जण आपापसांत गार्डांची अदलाबदल करत होते. कोणी पँटची लांबी दिली होती, कोणी छाती, एकाने स्वतःची उंची! मला हसू यायला हवं होतं. पण सकाळी दहाला तपासणी होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो टेबल टेनिसवाला मोजून मोजून पावलं टाकत होता.

खोकं उचलून मी घरी आले. आई स्वयंपाकघरात बसली होती. आई कपडे शिवते. म्हणजे शिवायची. बाबा गेल्यापासून मशीनवर चादर होती, आणि त्या चादरीविषयी आम्ही दोघी बोलत नव्हतो.

"काय झालं?" तिने विचारलं.

"वर्गासाठी एक वस्तू मागवली होती. संरक्षणाची. म्हणजे शरीराच्या मधल्या भागाच्या..."

"गार्ड का?"

"...हो."

"मग तसं म्हण ना! मला काय मुद्रितं तपासायला दिलीयस?" तिने खोक्यात हात घातला. "वाट्या ठीक आहेत. पट्ट्यांचाच घोळ आहे. चाळीस वर्षं तुझ्या बाबांच्या गार्डचे पट्टे कोण बदलत होतं, असं वाटलं तुला?"

मला काहीच वाटलं नव्हतं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

"पण दोन वाट्या लहान मुलांच्या आहेत, आई. त्या मोठ्यांना चालत नाहीत."

तिने खोक्याच्या तळातून आणखी दोन गार्ड काढले, मोठ्या मापाचे, सोबत दुकानदाराची चिठ्ठी. "साडेसात आणि बावीसवाल्यांसाठी. ताई, खरं माप कळलं की हे ठेवा, लहान परत पाठवा." त्या परक्या माणसाला माझ्यापेक्षा जगाची जास्त माहिती होती!

रविवारी सकाळी आठला बेकरीवाले काका आमचं शिलाई मशीन पाळण्यातल्या बाळासारखं छातीशी धरून हॉलमध्ये घेऊन आले. मागून गळ्यात टेप घालून आई. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच तिथे पाऊल ठेवत होती. उंबऱ्याशी जरा थांबली. मग म्हणाली, "ओळीत उभे राहा रे!"

बारा पैलवान निमूट ओळीत उभे राहिले.

"श्वास सोड. पोट आत ओढू नकोस, मुलगी बघायला आलेला नाहीस! एकोणतीस."

"वहिनी, माझं जरा सैलच धरा हं," बेकरीवाले काका कुजबुजले.

"सैल धरलं तर लाथ बसल्यावर तुम्हीच मला नावं ठेवाल! सेहेचाळीस!" ती हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. वीस वर्षं पुस्तकांतून गायब असलेला शरीराचा भाग तिने दीड तासात आकड्यांसह जाहीर केला, आणि कोणालाही लाज वाटली नाही. मी सोडून!

बरोबर दहाला तपासणीस आल्या. बाई होत्या. पन्नाशीच्या, नाक कधीतरी मोडून पुन्हा बसलेलं, चाल अशी की जमीनच बाजूला सरावी. त्यांनी प्रत्येकाला उठाबशा काढायला लावल्या, गुडघे उचलायला लावले, मग पेन उलटं धरून वाटीवर टकटक केलं. दरवाजा वाजवावा तसं! डॉक्टर डोळे मिटून उभे होते. रोज दुसऱ्यांना "काही होत नाही" म्हणणारा माणूस!

पोस्टमनच्या पट्ट्यापाशी बाई थांबल्या.

"ही शिलाई कारखान्याची नाही."

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"माझी आहे," आई मशीनवरून म्हणाली. "काही कमीजास्त?"

बाईंनी पट्ट्याला दोन्ही हातांनी हिसका दिला. पट्ट्याबरोबर पोस्टमनही पुढे आला. शिलाई हलली नाही.

"कारखान्याची अशी नसते," बाई म्हणाल्या. "माझ्याही गार्डचा पट्टा सैल झालाय. आणून देऊ का?"

"तुमच्या?" माझ्या तोंडून निघून गेलं. "बायकांनाही असतो?"

"असतो म्हणजे? हाड आपल्यालाही आहे ना! वेगळ्या आकाराचा असतो, चपटा. तुम्ही याबद्दल काही वाचलंत की नाही?"

"तीन दिवस वाचलं," मी म्हणाले. "ते पान... आपल्याला लागणार नाही म्हणून सोडलं."

बाईंनी अर्ज उलटला. "बारा ठीक. तेरावा कुठाय?"

"तेरावा कोण?"

"शिकवणार कोण? इथे जागा रिकामी आहे. प्रशिक्षकाशिवाय वर्ग कसा चालवू देणार मी?"

मी पोस्टमनकडे बघितलं. पोस्टमनने बेकरीवाल्या काकांकडे. काकांनी छताकडे. आणि मग सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले.

"मी फक्त कुलूप उघडते," मी म्हणाले.

"सोळा वर्षं बापाच्या हाताखाली शिकलीय," आई बाईंना म्हणाली. "दोनदा जिंकूनही आलीय, तेही गार्डशिवाय; तेव्हा मुलींना कोण देत होतं? मग पुस्तकांत शिरली ती बाहेर आली नाही."

"सर आम्हाला डावी लाथ शिकवताना ताईचंच उदाहरण द्यायचे," पोस्टमन हळूच म्हणाला. "म्हणायचे, तुम्हाला जमणार नाही, पण ती कशी मारायची ते सांगतो."

हे मला माहीत नव्हतं. बाबांनी मला कधी सांगितलं नाही. मी थोडा वेळ चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"नाव लिहू?" बाईंनी विचारलं.

"लिहा."

"आठवड्याच्या आत स्वतःचा गार्ड मागवायचा. आत्ताच नोंद करते. कंबर?"

आता इतक्या जणांसमोर! मी शक्य तितक्या प्रतिष्ठेने पेन मागितलं. "द्या, मी लिहिते."

"छत्तीस!" आईचा आवाज हॉलच्या चारही भिंतींवर आपटला. "ती बत्तीस लिहील, मान्य करू नका!"

मी तेहेतीस लिहिलं होतं. आई टेप घेऊन उठली, तसं मी ते खोडलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या बाईच्या अर्जात खाडाखोड झाली, आणि महासंघाच्या नियमाप्रमाणे तिच्याशेजारी मला बारा साक्षीदारांदेखत सही करावी लागली. टेप लावल्यावर आईचा आकडाही चुकीचाच निघाला.

साडेछत्तीस.