नळदुरुस्तीचा ठराव

सहदेवनानांच्या घरात चहासुद्धा ठराव झाल्याशिवाय व्हायचा नाही. मी ओट्यावर टेकलो, की नाना मांडी सावरून बसायचे, घसा साफ करायचे आणि समोर शंभर माणसं बसल्यासारखे म्हणायचे, "आजच्या बैठकीत गुरुजींना अर्धा कप चहा देण्यात यावा. सूचक मी सोता. अनुमोदक?"

अनुमोदक म्हणून मीच हात वर करायचा. आपल्याच चहाला आपणच अनुमोदन द्यायचं, याची पहिल्या दिवशी लाज वाटली होती. पुढं सवय झाली. आतून त्यांच्या बायकोचा, गयामावशींचा आवाज यायचा, "साखर न्हाई. माझा इरोध लिहून घ्या."

"इरोध नोंदवला," नाना म्हणायचे. "दोन इरुद्ध एक. मंजूर!"

आणि चहा यायचा. साखरेसकट.

गेवराईत आमची आणि त्यांची भिंत एकच. मी शाळेत मास्तर. नाना तलवाड्याकडच्या एका खेड्यात दूध संस्थेचे सचिव होते. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं जायचं, दुधाची फॅट बघायची, सभासदांची भांडणं मिटवायची आणि दुपारच्या गाडीनं परत, असा त्यांचा तीसेक वर्षांचा शिरस्ता. संस्था अंगात इतकी मुरली होती, की गल्लीत दोन कुत्री भांडली तरी "तहकूब! तहकूब!" करत मधे जायचे. माझ्या मुलीच्या बारशाला ऐन नाव ठेवायच्या वेळी त्यांनी "कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी" असं पुकारलं. माझ्या आत्यानं तीन हरकती घेतल्या. नाव ठेवायला संध्याकाळ झाली.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. जनावरं चारा छावणीत गेली, काही बाजारात गेली. संस्थेचं दूध आटत आटत एका कॅनवर आलं आणि एके दिवशी दाराला कुलूप लागलं.

त्यानंतर महिनाभर चहाचा ठराव आलाच नाही. नाना दिवसभर खाटेवर, तोंड भिंतीकडं. मी गेलो तर नुसतं "बसा." मावशी चहा आणून द्यायच्या, विरोध न करता. तो चहा मला कधी गोड लागला नाही.

आणि एका सकाळी भिंतीपलीकडून दणदणीत हाक आली. "गुरुजी! तातडीची सभा हाय! या बरं!"

मी धावत गेलो. नाना धोतर खोचून न्हाणीत उभे. न्हाणीतला नळ पूर्ण सोडलेला आणि त्यातून सुताएवढी धार.

"बघा," नाना म्हणाले. "शेळी बी ह्याच्यापेक्षा बरं मुतती."

"नाना, दुष्काळ आहे. सगळ्या गावालाच पाणी कमी आहे."

"गावाचं सोडा हो. कालच नळ आलेत. टाकी काठोकाठ हाय. पाणी शिल्लक हाय, अन् सभासदापर्यंत येत न्हाई. मधल्यामधी कोणतरी खायलंय."

त्या उन्हाळ्यात नगरपालिकेचं पाणी बारा दिवसांनी यायचं. माळवदावर ठेवलेल्या टाकीत जेवढं साठेल, तेवढ्यावर बारा दिवस काढायचे. कोपऱ्यावरच्या फिटरला बोलवू, असं मी म्हणालो. नानांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी संस्था विकायला काढली होती.

"बाहेरचा माणूस? घरच्या कामात? कावून? आमी काय मेलाव?"

तिथून चौकशी सुरू झाली. पहिल्या दिवशी नानांनी पाईपाला पितळी पेला लावला, पेल्याला कान लावला आणि निदान केलं, "हवा अडकलीय." दुसऱ्या दिवशी निदान बदललं. आता दाब कमी होता. दाब वाढवायला भरलेल्या टाकीखाली चार विटा सारायच्या, असा त्यांचा बेत होता. विटा सारायला नाना आणि टाकी उचलायला मी. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या ठरावाला अनुमोदन दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून हातभर लांबीचा पाना काढला. त्यानं ट्रॅक्टर खोलता आला असता.

"नळच काढतो," नाना म्हणाले. "तुमी वर जाऊन कॉक बंद करा. डावीकडचा."

मी माळवदावर गेलो. टाकीतून दोन पाईप निघाले होते, दोन्हींना एकेक कॉक. "नाना, डावा म्हणजे माझा डावा का तुमचा डावा?"

"संस्थेचा डावा!" खालून उत्तर आलं.

संस्थेचं तोंड कोणत्या दिशेला आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी अंदाजानं एक कॉक बंद केला. तो स्वयंपाकघराचा निघाला.

खालून आधी पान्याचा करकर आवाज आला, मग नानांचा. शब्द नव्हते, नुसता आवाज होता. मी दुसऱ्या कॉककडं धावलो. त्याची मूठ गंजलेली. जोर लावला तशी ती तुटून माझ्या हातात आली आणि कॉक होता तसाच उघडा राहिला.

खाली येऊन बघतो, तर नाना ओलेचिंब. भिंतीतल्या पाईपाच्या तोंडावर त्यांनी अंगठा दाबून धरला होता आणि अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडत होते. एक आढ्याला, एक थेट माझ्या चष्म्यावर.

भर दुष्काळात पाणी सांडण्याचा आवाज केवढा लांब जातो, ते मला त्या दिवशी कळलं. मोजून पाच मिनिटांत गल्लीतल्या बाया घागरी, कळशा, बादल्या घेऊन हजर. एकजण तर परातच घेऊन आली होती. सगळ्यांत पुढं समोरच्या घरातली पारूबाई.

"नाना, अंगठा काढा. घागर लावू द्या."

"पारू, टाकीतलं पाणी हाय ते! बारा दिवसांचं!"

"मग मोरीत गेल्यालं चालंल का?"

नानांनी मान ताठ केली. "रांगेनं! एकेक! सभासद आधी!"

"आमी सगळ्या सभासदच हाव!"

"बिनविरोध घेतल्या!" नाना ओरडले आणि अंगठा काढला.

अर्ध्या-पाऊण तासात टाकी रिकामी झाली. गल्लीतलं एकही भांडं कोरडं राहिलं नाही. परातीतल्या पाण्यात कुणीतरी तिथल्या तिथं लेकराला अंघोळ घातली. या सगळ्या वेळात गयामावशी दाराला धरून उभ्या होत्या. बाया गेल्यावर न्हाणीत उरलो आम्ही दोघं, तुटकी मूठ आणि काढलेला नळ.

"गुरुजी," नाना ओल्या फरशीवर बसत म्हणाले, "संस्था बुडाली."

मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. पुढचं पाणी येईपर्यंत ही दोन म्हातारी माणसं काय पिणार? माझ्या टाकीतून थोडं देईन म्हटलं, पण माझ्याकडं तरी कुठं जास्त होतं?

दुपारी पारूबाई परत आली. डोक्यावर भरलेली घागर. तिनं ती नानांच्या रांजणात रिकामी केली. तिच्यामागं दुसरी आली, मग तिसरी. परातवालीनं कळशी आणली. चार वाजेपर्यंत रांजण भरला, पिंप भरलं, वर दोन बादल्या. नाना आभारप्रदर्शनाला उभे राहिले. "उपस्थित भगिनींनो," एवढं म्हणाले आणि त्यांनी नुसतेच हात जोडले. पारूबाई म्हणाली, "बसा आता. अंगठा सुजला असंल, हळद लावा."

दुसऱ्या दिवशी रविवार. टाकी रिकामी, त्यामुळं उघड्या कॉकची चिंता नव्हती. नाना ओट्यावर नळ मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारी बसलो. सहज चाळा म्हणून त्यांनी नळाच्या तोंडाशी असलेली गोल जाळी बोटांनी फिरवली. ती फिरली. पाना नको, काही नको, बाटलीच्या झाकणासारखी निघून हातात आली. म्हणजे आख्खा नळ काढायची गरजच नव्हती.

जाळीवर चुन्याचा पातळ थर होता, वाळूचे चार कण होते. आणि जाळीच्या मागं, नीट घडी घालून दाबलेली, एक निळी चिंधी.

नानांनी ती गुडघ्यावर पसरली. बोटानं सुरकुत्या काढल्या.

"हे हिच्या लुगड्याचं हाय," ते हळूच म्हणाले.

मी हसणार होतो. त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसू आवरलं.

"मावशींना विचारू का?"

"नका." त्यांनी दाराकडं एकदा बघून घेतलं. "जलमभर म्हशीच्या धारा काढून बोटं आखडल्यात हिची. लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडून मागती. हे कसं काढलं असंल हिनं? अन् परत बसवलं कसं?" मग म्हणाले, "मी तर खाटेवरून हालतच नव्हतो, गुरुजी. माझ्या पाठीमागं केलं हिनं. मला खाटेवरनं उठवायला."

आतून मावशींचा आवाज आला, "काय निघालं वो नळात?"

"चुना!" नाना मोठ्यानं म्हणाले. "निस्ता चुना साचलता!"

"मला वाटलंच," मावशी म्हणाल्या.

नानांनी चिंधीची पहिल्यासारखी घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. जाळी लिंबाच्या फोडीनं घासली, धुतली. मग आम्ही नळ बसवायला न्हाणीत गेलो. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची आणि नळ फिरवून घट्ट करायचा, दहा मिनिटांचं काम. नानांनी टेप गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. नळ बसवला, काढला, निरखला, पुन्हा बसवला. मधून मधून पाईपावर पाना आपटत होते. अकरा वाजले, बारा वाजले. माझी जेवायची वेळ झाली.

"नाना, पक्का बसलाय की आता. कशाला ठोकताय उगाच?"

"हळू बोला," नाना म्हणाले. "ती आत ऐकायलीय."

आणि त्यांनी कोरड्या पाईपावर आणखी दोन ठोके दिले.